उचंत खात्यातला कोपरा

बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी मला चार वस्तू मिळाल्या: शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि मानपत्र. शाल हिने परस्पर तिच्या भावाला दिली, नारळाची चटणी झाली आणि घड्याळ पहिल्याच महिन्यापासून पाच मिनिटं मागे पडायला लागलं. उरलं मानपत्र. त्याच्या तिसऱ्या ओळीत माझ्या ३६ वर्षांच्या कामाला एक विशेषण लावलेलं आहे, 'अचूक'. बाकीचं मानपत्र सगळ्यांना देतात तेच होतं, पण हा शब्द खास माझ्यासाठी घातला होता, असं मला टंकलेखकाने स्वतः सांगितलं.

तीन वर्षं ते मानपत्र कपाटात वीजबिलांच्या फायलीत पडून होतं. एकदा बिल शोधताना सापडलं आणि ठरवलं, याला चौकट करायची. स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याने आठशे रुपये सांगितले. मी म्हणालो, "चार पट्ट्या आणि एक काच, त्याचे आठशे? पट्ट्या काय, मीही कापीन." अशी वाक्यं बोलताना फुकट असतात. हे मला साडेचौदा हजारांना पडलं.

कारण तिरका काप घेणारं यंत्र, ज्याला मायटर सॉ म्हणतात, ते मी घेतलं. दहा इंची पातं, खाली गोल फिरणारं बैठक-तबक आणि त्यावर अंशांच्या खुणा. ठरावीक अंशांवर खाचा असतात, तिथे तबक खट्कन अडकतं. ०, २२.५, ४५ समजू शकतो. पण माझ्या यंत्रावर ३१.६ अशीही एक खाच आहे. हा काय हिशेब, म्हणून चौकशी केली, तर अमेरिकेतल्या घरांत छत आणि भिंत यांच्या सांध्यावर जी नक्षीदार पट्टी बसवतात तिच्यासाठी म्हणे. डोंबिवलीत आमच्या छताच्या आणि भिंतीच्या सांध्यावर फक्त ओल येते आणि ती कुठल्याही अंशात येते.

वखारीतून दोन इंच रुंदीच्या सागाच्या पट्ट्या आणल्या. वखारवाला म्हणाला, "बल्लारशाचा माल आहे." महाराष्ट्रात प्रत्येक आंबा देवगडचा असतो आणि प्रत्येक साग बल्लारशाचा, त्यामुळे मी वाद घातला नाही. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो. फेविकॉल घेतला. दुकानदाराने सवयीने विचारलं, "चुका किती देऊ?"

ज्यांचा सुतारकामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बारीक खिळ्यांना चुका म्हणतात आणि त्या वजनावर मिळतात. पण 'अचूक' हा शब्द चौकटीत बसवायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न जिव्हारी लागला. मी ताठ होऊन म्हणालो, "एकही नको. माझा सांधा नुसत्या चिकटवण्यावर राहणार आहे." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी पूर्वी बिनतारणी कर्ज मागणाऱ्यांकडे पाहत असे.

आमच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, कारखाना सुरू झाला. दुपारी दोन ते चार आवाज नको, पापड वाळत असतील तर भुसा नको आणि बोटं मोजून परत आणायची, या हिच्या तीन अटी मान्य केल्या. चौकटीला चार कोपरे, कोपऱ्याला दोन काप, एकूण आठ. प्रत्येक काप ४५ चा. पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस नव्वद, चार नव्वद तीनशे साठ. याहून सोपी बेरीज मी नोकरीत केली नव्हती.

पट्ट्या जमिनीवर मांडल्या. पहिला कोपरा जुळला. दुसरा जुळला. तिसरा तर असा जुळला की मी हिला हाक मारली. ती येईपर्यंत चौथा जुळवायला घेतला आणि तिथे बाहेरून टोकाला टोक भिडलेलं, आतून मात्र चांगली पाच मिलिमीटरची फट.

ही वाकून बघत म्हणाली, "बाहेरून अगदी छान दिसतंय हो. आतूनच बिनसलंय. आपल्या वरच्या मजल्यावरच्यांसारखं."

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पट्टीच्या टोकाचा कोन जर ४५ ऐवजी ४४.५ चा होत असेल, तर एका कापात अर्धा अंश. तो डोळ्याला दिसत नाही. पण आठ कापांचे चार अंश होतात. पहिले तीन कोपरे तुम्ही दाबून, रेटून मिटवता, आणि आठही कापांची थकबाकी शेवटच्या कोपऱ्याच्या नावावर पडते. दोन इंची पट्टीवर चार अंश म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर. फट बरोबर तेवढीच होती. चौथ्या कोपऱ्याचा काही दोष नव्हता. तो फक्त शेवटी आला होता. कुटुंबाच्या बैठकीत सगळ्यांची भांडणं जो सर्वांत उशिरा पोहोचतो त्याच्या अंगावर पडतात, तसं.

आता इथे एखादा समजूतदार माणूस आठशे रुपये घेऊन स्टेशनकडे गेला असता. पण मी ज्या काळात बँकेत लागलो त्या काळी दिवसअखेर नावे आणि जमा यांचा ताळा जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. दोन पैशांच्या फरकासाठी नऊ वाजेपर्यंत बसलेली माणसं आम्ही. पदरचे दोन पैसे टाकून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांना होई, पण तो गुन्हा होता. फरक शोधायचे आमचे ठरलेले मंत्र होते. फरकाला नऊने भाग जातो का बघ: जात असेल तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत. नाही गेला, तर फरक निम्मा कर आणि ती रक्कम शोध: जमेची रक्कम नावे पडली असेल, तर फरक तिच्या दुप्पट येतो. चूक जेव्हा उलट्या बाजूला जाते तेव्हा ती दुप्पट होऊन दिसते, हे मला पंचविशीतच कळलं होतं. सुतारकामाचं निम्मं शास्त्र हेच आहे, हे मात्र त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

ते असं. यंत्र चुकतंय हे सांगायला गुण्या हवा. नातवाच्या कंपासपेटीत दोन असतात, त्यातला ४५-४५-९० वाला मी आणला. पण गुण्या तरी बरोबर आहे कशावरून? नातू त्याने खोडरबर उडवतो. मग पोलादी गुण्या विकत आणला. पण तोही दुकानातून घरी येताना रिक्षात एकदा पडला होता. बँकेत तपासनीसाला तपासायला वरचा तपासनीस येत असे. गुण्याला कोण?

उत्तर इतकं साधं आहे की लाज वाटली. गुण्याला तोच तपासतो. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवायचा, रेघ मारायची. मग गुण्या पालथा घालून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर गुण्या खोटा आणि दोन रेघांमधलं अंतर त्याच्या चुकीच्या बरोबर दुप्पट. निम्मं करा, चूक हातात. साक्षीदाराला तोच प्रश्न उलटा विचारायचा आणि दोन उत्तरं जुळतात का बघायचं, ही वकिलांची युक्ती लाकडालाही लागू पडते.

कापाचीही तीच परीक्षा. पट्टी ४५ ला कापायची, दोनपैकी एक तुकडा पालथा करून कापाला काप भिडवायचा आणि कोपऱ्यात गुण्या घालायचा. ४५ खरे असतील तर गुण्याच्या दोन्ही बाजू बिलगतात. नसतील तर चूक दुप्पट होऊन मधून उजेड दिसतो. तो उजेड बघण्यासाठी मी रोज सकाळी गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून, लाकूड डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून उभा राहू लागलो. समोरच्या इमारतीतल्या आजींचा समज झाला की मी सूर्योपासना सुरू केली आहे. त्यांनी मला नमस्कार करायला सुरुवात केली. मीही करतो.

तशी ही उपासना जुनीच म्हणायची. आपल्याकडे यज्ञवेदी रचणाऱ्यांना कोन चुकवून चालत नसे, म्हणून शुल्बसूत्रांत दोरी ताणून काटकोन साधायची कृती दिली आहे. आपला गवंडी आजही पाया आखताना तीन-चार-पाच फुटांची दोरी धरतो ती त्याच घराण्यातली. चौरसाच्या कर्णाला तिथे 'द्विकरणी' म्हटलं आहे, म्हणजे दुप्पट करणारी, कारण त्या कर्णावर उभा केलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट भरतो. आणि ४५ चा काप म्हणजे दुसरं काय, पट्टीच्या टोकावरच्या चौरसाचा कर्णच. मी गेले पंधरा दिवस द्विकरणीच कापत होतो. दुप्पट करण्याचा तिचा स्वभाव माझ्या चुकांनाही लागू पडला, इतकंच.

पुढे मला नाद लागला. डिजिटल कोनमापक आणला. तो ४५.० दाखवी आणि माझं मन भरून येई. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: अधिक-उणे ०.२ अंश. आठ कापांना गुणलं तर १.६ अंश, म्हणजे कोपऱ्यात दोन मिलिमीटर. टिंबापुढचा दशांश दाखवणारं यंत्र त्या दशांशाची हमी घेत नाही, हे वाचून मला आमच्या बँकेच्या योजनांच्या जाहिराती आठवल्या.

त्यानंतर पाच कापांची परीक्षा. ही शून्याच्या, म्हणजे सरळ नव्वदच्या कापाच्या, खाचेची आहे, कारण नव्वदच हललेला असेल तर ४५ कुणाच्या भरवशावर राहणार? पाच इंची प्लायचा चौकोनी तुकडा घ्यायचा. एक बाजू कापायची, मग तुकडा फिरवून ती नुकती कापलेली बाजू मागच्या आडव्या टेकणीला लावायची आणि पुढची कापायची. असं चारही बाजूंचं झालं की पाचव्या कापात एक पट्टी काढायची. यंत्राची चूक प्रत्येक फेरीत वाढत जाते आणि शेवटच्या पट्टीत चौपट होऊन उतरते. पट्टीची दोन्ही टोकं मोजायची, फरकाला चारने भागायचं. माझ्या पट्टीच्या दोन टोकांत ०.८ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे खरी चूक पाच इंचांत ०.२. टेकणीच्या एका टोकामागे जुन्या स्लिपबुकाचा कागद घडी करून सारला आणि तेवढं भागलं. बँकेतून निघताना मी स्टेशनरी आणली नव्हती, एवढं स्पष्ट करतो. ते स्लिपबुक आधीच घरी होतं.

एकूण पद्धत लक्षात आली का? बारीक चूक सापडत नसेल तर ती वाढवायची. दुप्पट करा, चौपट करा, आठपट करा, म्हणजे ती लपू शकत नाही. हे तंत्र मला नवं वाटलं म्हणून जेवताना समजावून सांगितलं. ही म्हणाली, "आमच्याकडे आत्या होत्या की."

गुण्या खिशातून उतरेना. जेवणाचं टेबल तपासलं: गुण्यात नाही. खिडकी: नाही. हॉलचा कोपरा ९१.५ अंशांचा निघाला आणि गेली २८ वर्षं आपण ज्या चौकोनी घरात राहतो असं समजत होतो ते चौकोनी नाही, हे कळून मला रात्री झोप लागेना. मेहुणे आले तेव्हा त्यांच्या नव्या मोबाइलच्या कडेलाही गुण्या लावला. त्यांच्या अंगावर माझीच शाल होती. ते लवकर गेले.

इतकं करूनही दुसऱ्या चौकटीचा चौथा कोपरा मिटेना. कोन बरोबर, तरी फट. तेव्हा लक्षात आलं की समोरासमोरच्या पट्ट्याच एका मापाच्या नव्हत्या. मी त्या टेपने वेगवेगळ्या मोजल्या होत्या. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या करून बोटाने टोकं चाचपली असती तर टेपची गरजच नव्हती. आणि तिसऱ्या चौकटीत तर गंमत झाली. एक काप ४४ चा, दुसरा ४६ चा. बेरीज चोख नव्वद, गुण्या घातला तर उजेड नाही. पण कमी अंशाचा काप तिरका जास्त, म्हणून लांब. त्यामुळे दोन टोकांत अडीच मिलिमीटरची पायरी पडली. ताळा जुळलेला आणि खाती दोन्ही चुकलेली. हिशेबनिसांच्या भाषेत याला एकमेकींना भरून काढणाऱ्या चुका म्हणतात. आम्हांला या चुकांची सर्वांत जास्त भीती वाटायची, कारण तेरीज जुळत असल्याने त्या कुणी शोधतच नाही.

अखेर स्वयंपाकघरातला खण अडकतो म्हणून मिस्त्री आले. ते पन्नास वर्षं हेच काम करतात. खण त्यांनी रंध्याचे दोन हात मारून सरळ केला आणि गॅलरीत ओळीने उभ्या असलेल्या माझ्या तीन चौकटींपुढे येऊन थांबले.

"साहेब, फट आतून उघडते का बाहेरून?"

मी म्हणालो, "पहिलीची आतून."

"मग काप पंचेचाळिसाच्या आत आहे. बाहेरून उघडली असती तर वर गेला असता." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "लाकूडही ओलं वाटतंय. उन्हाळ्यात आणखी आतून उघडेल. पावसाळ्यात लाकूड फुगलं की बाहेरून. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं."

जे मला कळायला दोन महिने, कोनमापक आणि पाच काप लागले, ते त्यांना अंगठ्याने कळलं होतं. मी माझं सगळं संशोधन त्यांना सांगितलं. द्विकरणीसुद्धा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पंचेचाळीस कशाला मोजता? नव्वद सांभाळा."

त्यांनी एका फळीवर दोन पट्ट्या गुण्या लावून पक्क्या काटकोनात ठोकल्या. कोपऱ्याची एक बाजू डाव्या पट्टीला टेकवून कापायची, दुसरी उजव्या पट्टीला. फळी यंत्रावर किंचित तिरकी बसली, डावीकडे ४४.८ कापलं, तर उजवीकडे आपोआप ४५.२ च कापलं जातं. कोपरा नव्वदचाच. टोकाला पडते ती अर्ध्या मिलिमीटरची पायरी, ती पॉलिश कागदाने जाते.

मी दचकून म्हणालो, "अहो, पण म्हणजे दोन्ही काप चुकीचेच की!"

"असूदेत की. एकाची दुसऱ्यानं भरून काढली. दोघंही एकदम बरोबर असायची वाट बघत बसलात, तर लाकूड वाळून जाईल."

ज्या चुकीला मी ३६ वर्षं घाबरलो, तीच यांच्या धंद्याचं भांडवल होती. आमच्याकडे ही चूक एकदोनदा पकडली म्हणून मला 'अचूक' म्हणाले. यांच्याकडे ती पट्ट्या ठोकून मुद्दाम बसवतात, तेव्हा कुठे दोन लाकडं गुण्यागोविंदाने नांदतात. आतून ही चहा घेऊन आली होती. ती काही बोलली नाही, पण तिने मिस्त्रींना दोन बिस्किटं जास्त दिली.

चौथी चौकट त्या फळीवर कापली. तीन कोपरे मिटले. चौथ्यात केसाएवढी रेघ राहिली. मिस्त्रींनी फेविकॉलमध्ये तिथलाच सागाचा भुसा कालवला आणि बोटाने दाबून भरला. "लांबीत फरक पडला की लांबी भरायची," असं म्हणून ते स्वतःच हसले. रंगारी ज्याला लांबी म्हणतात तिचाच हा घरगुती प्रकार. मला मात्र वेगळंच आठवलं. बँकेत सगळे मंत्र थकल्यावरही फरक उरला, तर तो एका खात्यात टाकून ठेवत. इंग्रजीत सस्पेन्स, मराठीत उचंत खातं. पुढेमागे उलगडा होईल या आशेवर फरक तिथे पडून राहतो. ज्यांनी तो टाकला ते निवृत्त होतात, त्यांना शाल आणि नारळ मिळतो, फरक तिथेच असतो. माझ्या चौकटीचा चौथा कोपरा आता उचंत खात्यात आहे.

"पण याच्यावर राहू नका," जाता जाता मिस्त्री म्हणाले. "कापाच्या तोंडाला सरस टिकत नाही, लाकूड पिऊन टाकतं. कोपऱ्याला दोन-दोन चुका मारा. आठ चुका. मग कुठे जात नाही."

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं. मी इकडेतिकडे बघून हळूच म्हणालो, "चुका द्या थोड्या."

"किती?"

"लागतात आठ. पण पाव किलो द्या. अजून तीन चौकटी पडल्यात घरी."

"मोठ्या देऊ का लहान?"

"लहानच द्या," मी म्हणालो. "मोठ्या घरी आहेत."